डिस्क, डाउनलोड की वर्गणी? आगोटीआधी ठरवायची गोष्ट

व्हिडिओ गेमची किंमत सगळे बघतात. तो घरात येणार कसा, हे फारसं कोणी विचारत नाही. शहरात ते विचारायची गरजही पडत नाही. पण गुहागर, राजापूर, देवगडच्या पट्ट्यात मृगाच्या पहिल्या सरीला लाइट जाते आणि दुसऱ्या सरीला फायबरची इंटरनेट लाइन. तिथे किमतीच्या आधी हाच हिशोब मांडावा लागतो. पावसाळ्याआधी तांदूळ-डाळीची आगोट, म्हणजे बेगमी, भरतो, तशी गेमचीही भरावी लागते.

आधी आकडे. आजचा मोठा गेम साधारण १०० जीबीचा धरा. काही १५० च्या घरात जातात. लाइनचा वेग सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) असा सांगतात आणि गेमचा आकार बाइटमध्ये. एका बाइटचे आठ बिट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १२.५ एमबीच उतरतात. या वेगाने १०० जीबीला सव्वादोन तास लागतात, ३० एमबीपीएसवर साडेसात तास, १० वर बावीस तास. तेही लाइन पूर्ण वेगाने आणि न तुटता चालली तर. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर तोच गेम पन्नास दिवस उतरत राहील आणि तेवढ्यात त्याचा नवा अपडेट येईल. मोबाइलच्या डेटावर भिस्त असेल तर डाउनलोडचा विचार इथेच सोडा आणि डिस्ककडे या.

डिस्क

प्लेस्टेशन ५ (पीएस५) हा सोनीचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र; त्याच्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत माल मावतो. डिस्क घातली की गेम कन्सोलच्या आतल्या साठवणीवर (एसएसडी) उतरतो आणि खेळ तिथूनच चालतो. तरीही दर वेळी डिस्क आत असावी लागते, कारण मालकीचा पुरावा तीच. याचा फायदा असा की लाइन नसताना बहुतेक एकट्याने खेळायचे गेम सुरू होतात. खेळून झालं की डिस्क विकता येते, शेजारच्या वाडीतल्या पोराशी अदलाबदल करता येते. डाउनलोड केलेल्या गेमला ही सोय नाही. वापरलेल्या डिस्कसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला आधी यादी पाठवली की काम होतं.

डिस्क घेऊनही माणसं फसतात ती चार ठिकाणी.

पहिलं म्हणजे खोक्याची मागची बाजू. ‘इंटरनेट आवश्यक’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, तर डिस्क असूनही गेम लाइनवरच अवलंबून राहतो. काही खोक्यांत डिस्क नसतेच, नुसता कोडचा कागद असतो. युबिसॉफ्ट या कंपनीने ‘द क्रू’ या आपल्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती त्यांच्याही हाती प्लास्टिकच उरलं.

दुसरं, पहिल्या दिवसाचा पॅच. डिस्क छापायला जाते तेव्हा गेमचं काम पुरतं संपलेलं नसतं. उरलेली दुरुस्ती नंतर नेटवरून येते आणि ती कधी कधी वीस-तीस जीबीची निघते. गेम बाजारात येऊन सहा-आठ महिने झाल्यावर घेतला तरी जुन्या डिस्कवर जुनीच आवृत्ती असते, हे लक्षात ठेवा.

तिसरं, प्रदेश. प्लेस्टेशन ५ वर कुठल्याही देशाची डिस्क चालते, पण त्या गेमची जादा सामग्री डिस्क ज्या प्रदेशाची त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावी लागते. कोणी अमेरिकेहून डिस्क आणली आणि तुम्ही भारतीय खात्यावरून जादा भाग विकत घेतला, तर दोघांची गाठ पडणार नाही. पैसे मात्र गेलेले असतील.

चौथं, ड्राइव्ह. एक्सबॉक्स सिरीज एस या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलमध्ये डिस्कची फटच नाही. प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये ड्राइव्ह येत नाही, वेगळा घेऊन जोडावा लागतो, आणि पीएस५ च्या स्लिम किंवा प्रो मॉडेलला असा सुटा ड्राइव्ह जोडताना एकदा तरी इंटरनेट लागतंच. म्हणजे ऐन जुलैत लाइन नसताना हे काम काढू नका. खाऱ्या दमट हवेत ड्राइव्हचं भिंग खराब होऊ शकतं. कन्सोल बंदिस्त कपाटात कोंडून ठेवू नका आणि आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवा, आतली ऊब दमटपणा घालवते.

डाउनलोड

पीसीवर डिस्क जवळपास इतिहासजमा झाली आहे, त्यामुळे तिथे स्टीम, एपिक किंवा जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानांतूनच निवडायचं. कोकणात पीसीच्या बाजूने बोलणारी एक मोठी गोष्ट अशी की गेम पिशवीतून आणता येतो. पुण्या-मुंबईत भावाच्या लाइनवर आपल्या स्टीम खात्याने गेम उतरवा. ‘स्टीमॲप्स’ फोल्डरमधल्या ‘कॉमन’मध्ये त्या गेमचा फोल्डर असतो, तो पोर्टेबल हार्ड डिस्कवर कॉपी करा. घरी आल्यावर पीसीतल्या तशाच ‘कॉमन’ फोल्डरमध्ये ठेवा आणि स्टीममध्ये त्याच ड्राइव्हवर ‘इन्स्टॉल’ दाबा. स्टीम आधी असलेल्या फायली तपासतं आणि कमी पडेल तेवढंच नेटवरून घेतं. पोर्टेबल डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर चार जीबीहून मोठी फाइल ती घेणारच नाही आणि कॉपी अर्ध्यावर थांबेल. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर १०० जीबी सतरा मिनिटांत. कोकण रेल्वे कितीही रखडली तरी दहा एमबीपीएसच्या लाइनच्या आधीच पोहोचवेल.

परताव्याचे नियम दुकानागणिक वेगळे आणि इथेच मोठा फरक पडतो. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत. जीओजीवर तीस दिवस. प्लेस्टेशन स्टोअरवर चौदा दिवस, पण डाउनलोड सुरू केलं की एरवी तो हक्क गेला. चाखून बघायची सोय नाही. स्टीमचा उन्हाळी सेल जूनअखेरीस येतो, नेमका आपल्याकडे लाइन लोळते तेव्हा. सेलमध्ये घेतलेला गेम लाइन येईपर्यंत पडून राहिला, तर न उघडताच चौदा दिवस सरतात. शिवाय गेम सुरू होण्याआधी शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली, तर तीही दोन तासांत मोजली जातात.

विकत घेतलेला गेम तुमचा असतो का? कायद्याच्या भाषेत नाही, तो वापराचा परवाना असतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरण्याच्या पानावरच तसं लिहितं. जीओजी इन्स्टॉलरची फाइलच हातात देतं आणि तिला कुलूप नसतं. ती हार्ड डिस्कवर ठेवलीत तर दुकान बंद पडलं तरी चालेल. जिथे निवड आहे तिथे जीओजीच घ्यावं, दोन पैसे जास्त पडले तरी.

वर्गणी

वर्गणी म्हणजे गेम विकत न घेता ठरावीक पैसे भरून यादीतले गेम खेळायचे. एक्सबॉक्सचा गेम पास किंवा सोनीच्या प्लेस्टेशन प्लसची जाहिरात ‘शेकडो गेम, एका किमतीत’ अशी असते. शेकडो गेम उतरवायला शेकडो तास लाइन लागते, हे जाहिरातीत नसतं. यादीतले गेम वेळोवेळी काढले जातात, वर्गणी थांबली की उतरवलेल्यांनाही कुलूप, आणि हक्क तपासण्यासाठी अधूनमधून नेटवर यावं लागतं. चांगलं फायबर असलेल्या रत्नागिरी-चिपळूण शहरात, परीक्षा संपल्यावर एप्रिल-मे असे दोन महिने वर्गणी घेणं हा फायद्याचा सौदा आहे. बारा महिन्यांची घेऊन पावसाळ्याचे चार महिने फुकट घालवणं हा नाही. पैसे भरतानाच ऑटोपे बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी सूचना यायला हवी, पण ती बँकेच्या जाहिरातींच्या ढिगात हरवते.

क्लाउडबद्दल थोडक्यात. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्याकडे नुसतं चित्र येतं. १५ एमबीपीएसच्या प्रवाहाला ताशी पावणेसात जीबी लागतात, आणि लाइन क्षणभर अडखळली की हात दाबतो आत्ता आणि उडी पडते नंतर. गूगलसारख्या कंपनीनेही आपलं स्टेडिया १८ जानेवारी २०२३ ला गुंडाळलं. वाडीत सध्या नको.

आगाऊ बुकिंग नावाचा गळ

दुकानातला हापूस संपतो, डाउनलोड संपत नाही. तरीही ‘आत्ताच बुक करा’ म्हणतात, कारण परीक्षणं येण्याआधी पैसे हवे असतात. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि परतावा देऊ केला; परत आला तो जून २०२१ मध्ये. ‘डीलक्स’ आवृत्तीत तीन दिवस आधी खेळायला मिळतं म्हणतात. ते तीन दिवस डाउनलोडमध्येच जाणार असतील तर जादा पैसे कशाचे? स्टीमवरचा भाव खरंच उतरला आहे का हे स्टीमडीबी या वेबसाइटवर बघा, तिथे जुन्या किमतींचा आलेख असतो.

मे अखेरची तयारी

राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. पण केबलवाल्याच्या नोडवरची (जिथून परिसरातल्या लाइनी वाटल्या जातात त्या पेटीवरची) बॅटरी संपली तर तुमचा राउटर चालू असूनही लाइन जाईल, म्हणून कनेक्शन घेतानाच तिथला बॅकअप किती तास आहे ते विचारा. घरातल्या फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर बहुधा फायबर तुटली आहे; राउटर बंद-चालू करत बसू नका, फोन करा. गडगडाट सुरू झाला की कन्सोलचा प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच पुरत नाही.

प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्जमध्ये ‘युजर्स अँड अकाउंट्स’, त्यात ‘अदर’ आणि मग ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू आहे ना ते बघा. एका खात्याला हे एकाच कन्सोलवर करता येतं. मुंबईहून कन्सोल आणणाऱ्या चाकरमान्यांचं हेच राहून जातं, आणि गणपतीत सगळी वाडी एका टॉवरवर लटकलेली असताना गेमवर कुलूप दिसतं. जागा कमी पडली तर गेम पुसू नका, यूएसबी हार्ड डिस्कवर हलवा. पीएस५ चा गेम तिथून चालत नाही, पण परत आत घ्यायला नेट लागत नाही. स्टीमवर प्रत्येक गेम अपडेट करून एकदा उघडा, मग ‘गो ऑफलाइन’.

हे सगळं झालं की राउटर बंद करा आणि एकेक गेम सुरू करून बघा. जो उघडणार नाही तो जूनच्या यादीतून काढा, आणि अजून परताव्याच्या मुदतीत असेल तर त्याच संध्याकाळी अर्ज करा.