माइल्स साठवायचे की वापरून टाकायचे? आधी योजनेचं दरपत्रक बघा

विमान कंपनीच्या खात्यात माइल्स (प्रवासावर किंवा कार्डाच्या खर्चावर मिळणारे पॉइंट्स) जमू लागले की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, हात लावू नका, एकदाच बिझनेस क्लासने लांबचा प्रवास करा. दुसरा म्हणतो, मिळेल त्या तिकिटावर उडवा, उद्या त्यांना किंमत उरणार नाही. दोन्ही सल्ले खरे ठरू शकतात. कुठला तुम्हाला लागू पडेल हे तुमच्या स्वभावापेक्षा तुमची योजना अवॉर्ड तिकिटाची, म्हणजे माइल्स देऊन घेतलेल्या तिकिटाची, किंमत कशी ठरवते यावर अवलंबून आहे. बहुतेक लोक हे न तपासताच वर्षानुवर्षं साठवत राहतात.

दोन प्रकारच्या योजना

पहिल्या प्रकारात दरपत्रक असतं. अमुक विभागातून तमुक विभागात, किंवा इतक्या अंतरापर्यंत, इकॉनॉमीला इतके आणि बिझनेसला इतके माइल्स. रोख भाडं दुप्पट झालं तरी माइल्सचा आकडा तोच. अडचण एकच: त्या दराच्या जागा मोजक्या असतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेने आणि जपानच्या एएनए या विमान कंपनीने ठराविक दराची तिकिटं ठेवली आहेत.

दुसऱ्या प्रकारात माइल्सची किंमत रोख भाड्याच्या मागोमाग वर-खाली होते. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने 2015 मध्ये आपलं दरपत्रक काढून टाकलं, तिथल्याच युनायटेड एअरलाइन्सने स्वतःच्या उड्डाणांसाठी 2019 मध्ये. अशा योजनेत जवळजवळ कुठलीही जागा माइल्सवर मिळते, पण सुट्ट्यांच्या दिवसांत तिची किंमत डोळे पांढरे करणारी असते.

आपली योजना कुठल्या प्रकारची हे तपासायला फार वेळ लागत नाही. एकच मार्ग घ्या, पाच वेगवेगळ्या तारखा निवडा. त्यात एखादा आठवड्यामधला साधा दिवस आणि एखादा गर्दीचा दिवस असू द्या. प्रत्येक तारखेचं रोख भाडं आणि माइल्स शेजारी-शेजारी लिहा, आणि भाड्याला माइल्सने भागा. पाचही उत्तरं जवळपास सारखी आली तर दर बदलता आहे. उत्तरं विखुरलेली असतील तर ठराविक दर आहे, आणि ज्या तारखेला उत्तर सर्वांत मोठं येतं तिथे संधी आहे. काही योजना मिश्र असतात: स्वतःच्या विमानांना बदलता दर आणि भागीदार कंपन्यांच्या (जिथे तुमचे माइल्स चालतात अशा दुसऱ्या कंपन्यांच्या) विमानांना बराचसा ठराविक. म्हणून दोन्हीकडे शोधा.

आता मुद्द्याचं. बदलत्या दराच्या योजनेत साठवण्याने काहीच जादा हाती लागत नाही. तिप्पट माइल्स म्हणजे तिप्पट तिकिटं, बस. तिथे नियम सोपा: जे तिकीट तुम्ही नाहीतरी पैसे देऊन घेणार होता, ते माइल्सवर घ्या आणि पैसे खिशात ठेवा. पैशाला व्याज मिळतं, माइल्सना मिळत नाही. दरपत्रकाच्या योजनेत मात्र साठवण्याला अर्थ आहे. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासचं रोख भाडं इकॉनॉमीच्या कित्येक पट असतं, माइल्सचा दर तितक्या पटीने वाढत नाही. तिथे एकेका माइलचं मोल खरोखर वाढतं, पण पुढचा हिशेब प्रामाणिकपणे केला तरच.

एका माइलचं मोल

सूत्र असं: रोख भाड्यातून अवॉर्ड तिकिटावर भरावे लागणारे कर आणि सरचार्ज (विमान कंपनीचा अधिभार) वजा करा. आलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सने भागा. भाजकात आणखी एक गोष्ट मिळवा, जी सहसा विसरली जाते: पैसे देऊन तेच तिकीट घेतलं असतं तर मिळाले असते ते माइल्स. अवॉर्ड तिकिटावर ते बुडतात, आणि बऱ्याच योजनांमध्ये स्टेटससाठीही (वारंवार प्रवास करणाऱ्यांना मिळणाऱ्या वरच्या दर्जासाठी) तो प्रवास धरला जात नाही.

चलन कोणतंही धरा. जवळच्या प्रवासाचं इकॉनॉमी तिकीट 12,000 ला आहे. माइल्सवर घेतलं तर 10,000 माइल्स आणि 2,000 कर. रोख घेतलं असतं तर 500 माइल्स मिळाले असते. म्हणजे 10,000 भागिले 10,500, साधारण 0.95.

दुसरीकडे लांबच्या बिझनेस क्लासचं तिकीट 1,80,000 ला आहे. माइल्सवर 70,000 आणि वर 20,000 कर-सरचार्ज. रोख तिकिटावर 8,000 माइल्स मिळाले असते असं धरलं, तर 1,60,000 भागिले 78,000, म्हणजे 2.05. पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त. इथेच लोक साठवायचं ठरवतात.

पण 1,80,000 तुम्ही खरंच दिले असते का? नसाल देणार, तर तो आकडा हिशेबात घेण्याचा हक्क नाही. स्वतःला विचारा की या आरामासाठी खिशातून जास्तीत जास्त किती गेले असते. समजा 90,000. मग 70,000 भागिले 70,000, म्हणजे 1. (ते महाग तिकीट तुम्ही घेतलंच नसतं, म्हणून बुडालेले माइल्स इथे धरायचे नाहीत.) पहिल्या तिकिटाचं 0.95 आणि याचं 1, जवळपास बरोबरी झाली, आणि त्या बरोबरीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं का हा वेगळाच प्रश्न झाला. बिझनेस क्लासमध्ये झोपून जाण्याचं सुख खोटं नाही. फक्त ते छापील भाड्याच्या भावाने मोजू नका.

थांबण्याची किंमत

माइल्सचा दर ठरवणारी आणि माइल्स छापणारी कंपनी एकच. बँकांना, कार्ड कंपन्यांना माइल्स विकणं हा तिचा मोठा धंदा आहे. बाजारात जितके जास्त माइल्स, तितका दर वाढवण्याचा दबाव. दरपत्रक बदलतं तेव्हा कधी आगाऊ सूचना मिळते, कधी रातोरात नवे आकडे दिसतात. खाली उतरलेलं दरपत्रक क्वचितच दिसतं.

याचा परिणाम आकड्यांत बघा. तुमच्याकडे 40,000 माइल्स आहेत, हवेत 70,000, वर्षाला 10,000 जमतात. साधा हिशेब तीन वर्षांचा. पण दर सरासरी वर्षाला 10 टक्क्यांनी चढला असं गृहीत धरलं तर पहिल्या वर्षाअखेर 77,000 लागतात आणि तुमच्याकडे 50,000 असतात. तिसऱ्या वर्षाअखेर 93,170 लागतात, तुमच्याकडे 70,000. चौथ्या वर्षी तूट 22,487, पाचव्या वर्षी 22,736. म्हणजे तूट कमी व्हायचं थांबून पुन्हा वाढायला लागली. या वेगाने तुम्ही कधीच पोचणार नाही. प्रत्यक्षात वाढ दरवर्षी नेमाने होत नाही, धक्क्यांनी होते, पण निष्कर्ष बदलत नाही: वर्षाची कमाई तुमच्या लक्ष्याच्या वर्षाच्या वाढीपेक्षा ठळकपणे जास्त नसेल, तर ते लक्ष्य सोडून जवळचं तिकीट घ्या.

मुदतीचे नियमही दोन जातींचे आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. एका जातीत खात्यात हालचाल असेपर्यंत माइल्स जिवंत राहतात: हालचालीविना ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसना (त्यांच्या माइल्सचं नाव) 36 महिने, अमेरिकन एअरलाइन्सला 24 महिने. इथे एखादी छोटी खरेदी किंवा छोटासा खर्च सगळी शिल्लक वाचवतो. फक्त तारीख मोजताना व्यवहाराचा दिवस धरू नका, तो खात्यात नोंदला जाण्याचा दिवस धरा. भागीदाराकडून नोंद यायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून दोन महिने आधीच करा. दुसऱ्या जातीत मिळाल्यापासून घड्याळ सुरू होतं आणि खात्यात हालचाल केली तरी थांबत नाही. क्रिसफ्लायर आणि एएनए दोन्हीकडे साधारण 36 महिने. इथे छोटा व्यवहार काहीच वाचवत नाही. डेल्टा आणि युनायटेडच्या माइल्सना मुदत नाही, पण वरचा महागाईचा हिशेब त्यांनाही लागू आहेच.

घड्याळवाल्या योजनेत एक सवलत मात्र आहे. मुदतीच्या आत तिकीट काढणं सहसा पुरतं, प्रवास नंतरचा चालतो. बहुतेक कंपन्या साधारण 330 ते 360 दिवस आधी विक्री खुली करतात. म्हणजे मुदत संपण्याच्या आठवड्यात पुढच्या वर्षीचं तिकीट निघू शकतं. धोका असा की ते रद्द केलंत तर मुदत उलटून गेलेले माइल्स अनेक योजना परत देत नाहीत.

कंपनी बुडाली तर? 2001 मध्ये ऑस्ट्रेलियाची अँसेट बंद पडली तेव्हा सदस्यांचे पॉइंट्स गेले. 2017 मध्ये एअर बर्लिनपाठोपाठ तिची टॉपबोनस योजनाही दिवाळखोरीत गेली. उलट 2011 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दिवाळखोरीचं संरक्षण घेतलं, विमानं उडत राहिली आणि माइल्सही टिकले. पुनर्रचना आणि टाळं यांत हाच फरक. डबघाईच्या बातम्या येऊ लागल्या तर लवकर वापरा, आणि वापरताना शक्यतो भागीदार कंपनीचं तिकीट घ्या.

साठवणं कधी शहाणपणाचं

प्रवासाचा मार्ग, वर्ष आणि माणसांची संख्या कागदावर लिहिता आली, तर. "कधीतरी कुठेतरी" यासाठी साठवलेले माइल्स फक्त झिजतात. माणसांची संख्या महत्त्वाची, कारण ठराविक दराच्या जागा एका विमानात एक-दोनच असू शकतात. चौघांना लागतील तेवढे माइल्स जमवून चौघांना एकत्र जागा न मिळणं हे नेहमीचंच. म्हणून पूर्ण माइल्स जमण्याआधीच, आजच्या तारखेला, पुढच्या वर्षातली ती जागा माइल्सवर दिसते का हे शोधून बघा. कधीच दिसत नसेल तर साठवून उपयोग नाही.

अडीअडचणीसाठी एका परतीच्या प्रवासाइतके माइल्स मागे ठेवणं आम्हाला योग्य वाटतं, पण दरपत्रकाच्या योजनेतच. निघायच्या आदल्या दिवशी रोख भाडं भरमसाट असतं आणि ठराविक दराची जागा उरली असेल तर मोठी बचत होते. बदलत्या दराच्या योजनेत त्या दिवशी माइल्सचा आकडाही तसाच फुगलेला असतो.

बँकेच्या कार्डाचे पॉइंट्स अनेक विमान योजनांत वळवता येत असतील, तर साठवायचे ते तिथेच. एका योजनेचा दर वाढला तर दुसरी खुली असते. वळवणं सहसा एकतर्फी असतं, परत फिरवता येत नाही. काही योजनांत पॉइंट्स काही मिनिटांत पोचतात, काहींत काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते. क्रम असा ठेवा: जागा शोधा, शक्य असेल तर फोन करून ती रोखून ठेवायला सांगा, मग वळवा. वळवताना जादा 20-30 टक्के देणाऱ्या ऑफर येतात. जागा हातात नसताना त्यांच्या नादी लागू नका.

वापरताना कुठे फसतं

भागीदाराची जागा एका वेबसाइटवर दिसते आणि पैसे भरायच्या पायरीवर गायब होते. ही नुसती दिसणारी, प्रत्यक्षात नसलेली जागा. दुसऱ्या भागीदार योजनेच्या वेबसाइटवर तीच जागा दिसते का ते पाहून खात्री करा.

सरचार्ज हा दुसरा सापळा. तेच विमान, तीच जागा, पण एका योजनेतून काढली तर किरकोळ कर आणि दुसरीतून काढली तर जवळजवळ इकॉनॉमीच्या भाड्याएवढा सरचार्ज. दोन्हीकडे शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन आकडा बघा.

माइल्स देऊन वरच्या वर्गात जाण्याच्या, म्हणजे अपग्रेडच्या, मोहात पडण्याआधी तिकिटाचा बुकिंग क्लास (भाड्याचा गट सांगणारं अक्षर) वाचा. सर्वांत स्वस्त तिकिटांवर अपग्रेड बहुधा चालतच नाही. त्यासाठी महाग तिकीट घ्यावं लागत असेल तर तो फरकही खर्चात मिळवा, आणि प्रतीक्षा यादीत राहिलात तर तो फरक पाण्यात गेला असं समजा.

काही माइल्स, काही पैसे असा पर्याय येतो तेव्हा एकूण किंमत न बघता शेवटचा फरक बघा. समजा 5,000 माइल्स वाचवायला 4,500 जादा मागतात. म्हणजे तुम्ही 0.9 दराने माइल्स विकत घेताय. तुमचा नेहमीचा दर त्याहून कमी असेल तर माइल्सच द्या. वस्तू, गिफ्ट कार्ड आणि मासिकं यांवर मिळणारा दर सहसा तळाचा असतो. मुदत आठवड्यावर आली आहे आणि एकही तिकीट जमत नाही, एवढ्याच वेळी तिकडे वळा. थोडेसेच माइल्स कमी पडत असतील तर विकत घेऊन भर घालायला हरकत नाही, पण डोळ्यासमोर जागा असताना आणि वरच्या सूत्राने ते परवडत असेल तरच.

तिकीट काढल्यावरही काम संपत नाही. रद्द करणं फुकट असेल, तर दर दोन-तीन आठवड्यांनी तोच प्रवास पुन्हा शोधा. आकडा उतरला असेल आणि खात्यात पुरेसे माइल्स असतील, तर आधी नवं तिकीट काढा आणि मगच जुनं रद्द करा. काही कंपन्या मात्र एकाच प्रवाशाची एकाच विमानातली दोन तिकिटं आपोआप रद्द करतात. तिथे फोनवर बदल करून घेणं बरं.