जुनी ओम्नी, अकरा महिने: इंजिनाआधी पत्रा बघा

गाडी 2011 ची मारुती ओम्नी व्हॅन, एमएच-12, आमच्याआधी दोन मालक, मीटरवर 71 हजार. गेल्या दसऱ्याला 95 हजारांत घेतली. घरात आम्ही सहा जण, त्यात बाबांचे गुडघे. आधीच्या छोट्या गाडीत बसताना ते दाराला धरून खाली टेकायचे आणि उतरताना दोघांनी ओढावं लागायचं. ओम्नीचं दार सरकवलं की सरळ आत. शिवाय सासवडकडून अंजिरांचे क्रेट आणायचे असतात. मेव्हण्याचं म्हणणं, एवढ्या पैशांत 'धड गाडी' आली असती. असो.

पहिली पाहिलेली व्हॅन इंजिनाच्या आवाजावर भाळून घेणारच होतो. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्या काकांनी थांबवलं. "अहो, 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, मारुती 800 च्याच जातीचं. रिंगा, क्लच, गॅसकेट, काय हवं ते इथं मिळेल. सडलेला पत्रा कुठून आणाल?"

मग फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक खिशात टाकून हिंडलो. चाकांच्या वरची कमान, दाराखालची पट्टी, मागच्या दाराचा तळ, सगळीकडे लावून बघितला. जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी. चटई उचलून फ्लोअर बघायला मालक का-कू करू लागला, तर तिथूनच परत फिरायचं. रत्नागिरी पासिंगची एक गाडी दिसायला चकाचक होती, पण जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हर आत गेला. खारी हवा. दुसऱ्या एका ठिकाणी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो आणि पुढची सीट उचलून तिच्याखालच्या इंजिनाला हात लावला. गरम! थंड इंजिन सकाळी कसं सुरू होतं आणि निळा धूर येतो का, नेमकं तेच तिथल्या मालकाला दाखवायचं नव्हतं.

तरीही आमच्या गाडीनं गाठलंच. एप्रिलमध्ये दिवे घाटात तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा वर चढला. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे काट्याआधी बुडालाच कळतं. मेस्त्रीनं उघडलं तर रेडिएटर क्षारांनी बुजलेला. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, तर काढूनच टाकलेला. गाडी तापते म्हणून हा उपाय सर्रास करतात, पण मग सपाटीवर इंजिन पुरेसं गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. रेडिएटर साफ, नवा थर्मोस्टॅट, कूलंट मिळून 4,200. अ‍ॅव्हरेज 12 वरून 14 वर आला.

बाकी खर्च भरभर सांगतो: चार टायर 11 हजार, क्लच साडेपाच, बॅटरी चार, फ्लोअरचं वेल्डिंग साडेतीन. किरकोळ धरून 31 हजार. गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश, हे व्यवहार करतानाच बाजूला काढून ठेवा.

पावसाळ्यात पुढच्या काचेचं रबर गळलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजतात आणि दार आतून कुजतं. जूनच्या आधी सायकलच्या स्पोकनं मोकळी करा. दहा मिनिटांचं काम.

कागदांत एक गोम निघाली. कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 यांशिवाय नावावर होईना, त्यात दोन महिने गेले. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतानाच हे तपासायला हवं होतं, आळस नडला.

एक्स्प्रेसवेवर ही गाडी मी नेत नाही. एअरबॅग नाही आणि गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नाही. सुरक्षेचे नवे नियम आले आणि 2019 मध्ये ओम्नी बंद झाली, ते उगाच नाही. गावात आणि सासवडपर्यंत, साठच्या आत, झकास चालते.

पुढच्या जुलैत 15 वर्षं भरतील. नोंदणी पाच वर्षांनी वाढवायची तर तपासणी, 5,000 रुपये फी आणि वर हरित कर. इंजिनाची चिंता नाही. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर रंगाखाली एक बारीकसा फोड आलाय, रोज सकाळी त्याच्यावरून बोट फिरवून बघतो.