मैदानी खेळांच्या वर्गातील नोंदवही : एका पालकाचा अभिप्राय

पुण्याच्या उपनगरात एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी भरणाऱ्या मैदानी खेळांच्या खासगी वर्गाला आमची मुलगी पाचवीपासून जाते. आता ती सहावीत आहे. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या माहितीपत्रकात धावणे, लांबउडी आणि गोळाफेक यांच्या खाली ‘सरावाची नोंदवही’ असा एक मुद्दा होता व त्याकडे आम्ही फारसे लक्ष दिले नव्हते. या वर्गाचे वेगळेपण मात्र त्या वहीतच आहे, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

धावण्याचे शिक्षण व्यवस्थित आहे. फक्कीने आखलेल्या रेषांवर आधी गुडघे उचलून चालणे, मग उभ्याने सुरुवात आणि त्यानंतरच वाकून सुरुवात, असा क्रम घाई न करता पाळला जातो. पालकांची घाई मात्र वेळेच्या आकड्यांसाठी असते. हातातील स्टॉपवॉचने घेतलेली वेळ आणि इलेक्ट्रॉनिक यंत्राची वेळ यांत १०० मीटरला साधारण पाव सेकंदाचा फरक धरला जातो, त्यामुळे एक-दोन दशांशांची ‘सुधारणा’ कुटुंबाच्या ग्रुपवर कळवण्यात फारसा अर्थ नाही. शालेय मैदानी स्पर्धांतील सर्वांत लहान गट १४ वर्षांखालील असल्याने पाचवीतील मूल तालुका पातळीवर आठवीतील मुलांच्या शेजारी उभे राहते, हेही पालकांनी ध्यानात ठेवलेले बरे. आमची मुलगी तेथे प्राथमिक फेरीतच बाद झाली आणि सरांनी त्याचा बाऊ केला नाही, हे मला आवडले.

सराव संपल्यावर प्रत्येक मुलाने त्या दिवशी काय केले ते तेथेच पायऱ्यांवर बसून लिहायचे, असा वर्गाचा नियम आहे. सुरुवातीच्या नोंदी ‘आज सराव छान झाला. मजा आली.’ एवढ्याच असत. सरांनी ‘छान’खाली रेघ ओढून समासात लिहिले होते, ‘म्हणजे नक्की काय झाले?’ अलीकडची एक नोंद अशी आहे : ‘उडी लांब गेली होती, पण पडताना डावा हात मागे वाळूत टेकला. सरांनी टेप पायाच्या खुणेला न लावता हाताच्या खुणेला लावला, म्हणून उडी कमी भरली. मला राग आला, पण खूण माझ्याच हाताची होती.’ लांबउडीत उडी घेण्याच्या फळीला सर्वांत जवळची खूण धरून अंतर मोजतात, हा नियम तिला अशा रीतीने कायमचा समजला. आणि घटना, कारण व मनःस्थिती तीन वाक्यांत मांडणेही त्याच ओघात जमले. सहामाही परीक्षेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात तिने हिरवा शालू नेसलेल्या धरतीला सुट्टी देऊन चिखलात रुतलेल्या बुटाबद्दल लिहिले, तेव्हा वर्गशिक्षिकांनी तो निबंध सर्वांसमोर वाचून दाखवला. निबंधाच्या शिकवणीत पाठ करून घेतलेल्या प्रस्तावनांनी हे साधले नव्हते.

शुद्धलेखनाकडे मात्र येथे कोणी पाहत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वहीत तशाच राहतात. लिहिण्याची भीती जाण्यासाठी हे धोरण योग्य असले, तरी तेवढे काम घरी करावे लागते. अन्य तक्रारी अधिक गंभीर आहेत. वाळूचा हौद वेळच्या वेळी उकरला जात नसल्याने पावसानंतर तो दगडासारखा घट्ट होतो, आणि अशा हौदात लहान मुलांना उड्या मारायला लावू नये, हे सांगूनही सुधारणा धिमीच आहे. वर्षाचे शुल्क एकरकमी आगाऊ घेतले जाते. पावसाळ्यात मैदान बंद राहिल्यास त्या दिवसांची भरपाई होत नाही. एका तुकडीत मुलांची संख्याही वाढत चालली असून परिणामी समासातील शेरे हल्ली त्रोटक झाले आहेत, ही मला सर्वांत खटकणारी बाब आहे, कारण वही कोणी वाचणार नसेल तर मुले पुन्हा ‘मजा आली’वर येतील.

केवळ पदकांसाठी वर्ग शोधणाऱ्यांनी जिल्हा क्रीडा संकुलाकडे चौकशी करावी. तेथील धावमार्ग आणि साधने निश्चितच सरस असतात. आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी हा वर्ग मी सुचवेन, परंतु पैसे भरण्यापूर्वी चालू वर्षातील एखादी वही पाहायला मागावी आणि तिच्यातील शेऱ्यांची तारीख तपासावी.