साऊंडबारला एचडीएमआय एआरसी की ऑप्टिकल? तीन पावसाळ्यांचा अनुभव

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या गोव्यात टीव्ही आणि साऊंडबारची (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरची) खरेदी जोरात सुरू होते आणि मग फोन येतात, टीव्ही भिंतीवर लागला, बार पण आला, खोक्यात दोन वेगवेगळ्या वायरी आहेत, त्यातली कुठली लावू? एक एचडीएमआय, जी टीव्हीच्या एआरसी (ऑडिओ रिटर्न चॅनल, टीव्हीचा आवाज बारकडे पाठवणारं) पोर्टात लागते, आणि दुसरी ऑप्टिकल, जी आवाज प्रकाशाने नेते. गेल्या महिन्यात फोंड्याच्या आतेभावाने हेच विचारलं, त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. मी दोन्ही वापरलंय, एक पावसाळा एआरसीवर काढला आणि नंतरचे दोन ऑप्टिकलवर, टीव्ही तोच, बार तोच, घरपण तेच, शिवोलीला शापोरा नदीच्या बाजूला.

आधी आवाजाचं बोलू, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. माझ्या कानाला फरक जाणवला नाही. आमच्या मंगेशीचे अभिषेकीबुवा, त्यांचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं, बहिणीला टीव्हीकडे पाठ करून बसवलं आणि मी इनपुट बदलत राहिलो, ती गाणं शिकलेली आहे तरी तिला कुठलं कुठलं ते सांगता आलं नाही. कोणाच्या घरी कोणाला जाणवतही असेल, मी नाही म्हणत नाही, पण बातम्या, मालिका, एफसी गोवाची मॅच आणि यूट्यूबवरची भजनं एवढंच जर घरात चालत असेल तर आवाजाच्या दर्जावरून या दोघांत निवड करू नका.

कागदावर बघितलं तर एआरसी सरळ सरळ पुढे आहे हे मान्यच. ऑप्टिकल ही १९८३ ची गोष्ट, तोशिबाने आपल्या सीडी प्लेयरसाठी काढलेली, तिच्यातून साधा स्टिरिओ नाहीतर डॉल्बी डिजिटल, डीटीएस या पद्धतींनी दाबलेला ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका खर्जाच्या सबवूफरचा आवाज, एवढंच जातं. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, त्यातून डॉल्बी डिजिटल प्लस जातं, म्हणजे टीव्हीतल्या अ‍ॅपवरचं अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येतोय असं वाटवणारा प्रकार) पण जाऊ शकतं, आणि २०१७ च्या २.१ बरोबर आलेल्या ई-एआरसीत तर ब्लू-रेचा पूर्ण आवाज न दाबता जातो. तुमचा बार वर छताकडे आवाज फेकणारा असेल, त्यासाठी तुम्ही दुप्पट पैसे मोजले असतील, तर ऑप्टिकल लावून ते पैसे वाया घालवू नका, तिथे एआरसीच, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण आपल्यापैकी बहुतेकांचा बार तसा नसतो. साधा दोन चॅनलचा, फारतर सोबत एक सबवूफर. माझाही तसाच.

आणि आता तो त्रास सांगतो ज्याने माझा निर्णय झाला. जूनमध्ये बार आणला, दुकानवाल्याने सांगितल्याप्रमाणे एचडीएमआय एआरसीवर लावला, टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त व्हायला लागला, टीव्ही बंद केला की बार बंद, आई एकदम खूश. आईला थोडं कमी ऐकू येतं, मालिकेतल्या बोलण्यासाठीच बार घेतला होता. आठच दिवसांत पाऊस नीट लागला आणि लाईटचा खेळ सुरू झाला, आमच्याकडे माडाची एक झावळी तारेवर पडली तरी पुरते. लाईट गेली, पंधरा मिनिटांनी आली, आईने टीव्ही लावला, आणि आवाज टीव्हीतूनच. बार चालू, दिवा पेटलेला, पण मुका. मी म्हापशाला कामावर, आईचा फोन, "अरे, परत टीव्हीच बोलतो रे, मला काय एक ऐकू येत नाही."

याचं कारण असं की एआरसीमध्ये टीव्ही आणि बार यांनी आधी एकमेकांना ओळखावं लागतं. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी एका पिनेवरून दोघं बोलतात, त्याला सीईसी म्हणतात, प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये ते अ‍ॅनिनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, सेटिंगमध्ये शोधताना गोंधळू नका. लाईट आली की दोघं एकाच वेळी जागे होतात, आणि माझ्याकडे तरी टीव्हीने हाक मारली तेव्हा बार अजून उठलेलाच नसायचा, मग टीव्ही आपला स्वतःच्या स्पीकरवर जायचा आणि तिथेच बसायचा. रिमोटने सेटिंगमध्ये जाऊन साऊंड आऊटपुट परत एआरसीवर केलं तर कधी कधी यायचा. कधी कधी नाही. नाही आला की दोन्हींचे प्लग काढायचे, दोनेक मिनिटं थांबायचं, आधी टीव्ही लावायचा मग बार, आणि त्यानेही नाही झालं तर टीव्हीच्या मागे हात घालून एचडीएमआय काढून परत घालायची.

भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे हात घालणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा. भिंत आणि टीव्हीत चार बोटं जागा, दिसत काहीच नाही, बोटांनी मोजायचं, खालून पहिलं, दुसरं, तिसरं, कारण एआरसी एकाच पोर्टवर असतं आणि चुकून बाजूच्या पोर्टात गेली तर सगळी मेहनत फुकट. जुलैमध्ये ओली भिंत मनगटाला घासते, चुना हाताला लागतो, आणि त्या पोर्टाचा विचार करून भीती वाटते की रोज काढून घालून हे सैल झालं तर बोर्ड बदलावा लागेल. दोन्ही वस्तू इन्व्हर्टरवर घेऊन बघितल्या, त्याने कमी झालं, बंद नाही झालं. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट केलं, वायर बदलली, चांगली प्रीमियम हाय स्पीड आणली, तेच. त्या पावसाळ्यात मी कामावरून आलो की पहिलं काम चहा नाही, टीव्हीच्या मागे हात. आणि मी येईपर्यंत आई संध्याकाळभर नुसतं चित्र बघत बसायची, याचं मला जास्त वाईट वाटायचं.

प्रत्येक टीव्ही-बारच्या जोडीला हे होतं असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारी एकाच कंपनीचा टीव्ही आणि बार आहे, त्यांना वर्षातून एखाद्या वेळी झालं असेल. पण वेगवेगळ्या कंपनीची जोडी असेल आणि लाईट जाणारा गाव असेल तर हे डोक्यात ठेवूनच घ्या.

चवथीच्या आधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो तेव्हा दोन मीटरची ऑप्टिकल घेतली, तीनशेच्या आसपास पडली. यात ओळखपाळख काही नाही, टीव्ही प्रकाश पाठवतो आणि बार वाचतो, बस. लाईट शंभर वेळा गेली आली तरी टीव्ही लागला की आवाज बारमधूनच, त्या दिवसापासून आजपर्यंत. फक्त एक बघून घ्या, बारला सिग्नल आला की आपोआप चालू व्हायची सोय हवी, माझ्या बारला आहे, नसेल तर लाईट आल्यावर एकदा बारचं बटण दाबावं लागेल.

वायर चांगली आहे की नाही हे बघायची सोपी रीत म्हणजे टीव्हीच्या बाजूला लावा, टीव्ही चालू करा आणि दुसरं टोक तळहातासमोर धरा, कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका हातावर दिसतो. डोळ्यासमोर धरून आत बघू नका, हातावरच बघा. ठिपका नाही तर दोन शक्यता, एकतर टीव्हीत साऊंड आऊटपुट ऑप्टिकल केलेलं नाही, किंवा टोकावरची प्लास्टिकची पारदर्शक टोपी काढलेली नाही. ती इतकी बारीक आणि स्वच्छ असते की वायरचाच भाग वाटते, माझ्या मेव्हण्याने टोपीसकट घालायचा प्रयत्न केला, बसेना म्हणून जोर लावला आणि टीव्हीच्या पोर्टाचं बारीक दार मोडलं. प्लग एका बाजूने सपाट असतो, एकाच पद्धतीने बसतो, जोर लावायचा नाही, बसला की टक् असा आवाज येतो.

ऑप्टिकलचे त्रासही आहेत, ते लपवत नाही. पहिला म्हणजे वळण. आत प्लास्टिकचा तंतू असतो, त्याला काटकोनात मोडलं की संपलं. माझी पहिली वायर अशीच गेली, टीव्ही भिंतीला चिकटवताना मागे चेपली, दोन महिन्यांनी आवाज तुटायला लागला. तुमच्या टीव्हीचं ऑप्टिकल पोर्ट खाली किंवा बाजूला तोंड करून असेल तर प्रश्न नाही, सरळ भिंतीकडे तोंड असेल तर स्टँड थोडा पुढे घ्यावा लागेल. आणि आता काही नव्या टीव्हींना ऑप्टिकल येतच नाही, तेव्हा दुकानात मागे वाकून बघा.

दुसरा त्रास मोठा वाटतो पण सुटतो, तो म्हणजे टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही. आईला दोन रिमोट सांभाळायला लावणं मला पटत नव्हतं. आमच्या सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठी म्हणून काही बटणं वेगळी असतात, ती शिकवता येतात. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवले, शिकायचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, मग बारच्या रिमोटवरचं आवाज वाढवायचं बटण दाबलं, झालं. तसंच कमी करायचं. तेव्हापासून चॅनल आणि आवाज दोन्ही एकाच रिमोटवर, टीव्हीचा रिमोट कपाटात. मोबाईलसारखं नुसतं अ‍ॅपवरच बघत असाल, सेट टॉप बॉक्स नसेलच, तर मात्र हा उपाय चालणार नाही आणि एआरसीचं पारडं तिथे थोडं जड होतं हे कबूल.

तिसरं म्हणजे आवाज कधी कधी ओठांच्या पुढेमागे होतो. बारच्या नाहीतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिले असतो, फुटबॉल मॅच लावून समालोचकाच्या ओठांकडे बघत एकदाच जुळवला, परत हात लावायला लागला नाही. आणि दोन चॅनलचा बार असेल तर टीव्हीत डिजिटल आऊटपुट पीसीएमवर (न दाबलेला साधा स्टिरिओ) ठेवा, जुना अ‍ॅम्प्लिफायर छोट्या कन्व्हर्टरने जोडणार असाल तर तर नक्कीच, नाहीतर चॅनलवर आवाज आणि अ‍ॅपवर शुकशुकाट असं होतं.

आणखी एक गोष्ट, जी मला नंतर लक्षात आली आणि आता मला ती फार मोलाची वाटते. मे अखेरीला आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे जो गडगडाट होतो त्यात केबलवाल्याच्या वायरीतून विजेचा झटका येतो, तो सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयने बारमध्ये जाऊ शकतो, कारण सगळं तांब्याने जोडलेलं. ऑप्टिकलमध्ये टीव्ही आणि बारच्या मध्ये तांबंच नाही, त्या वाटेने काही जात नाही. पॉवरच्या वायरीतून येऊ शकतं, म्हणून प्लग काढायचेच, पण एक वाट तरी बंद. त्याच कारणाने केबलच्या अर्थिंगमुळे येणारी ती बारीक घुंऽऽ पण येत नाही, माझ्या काकांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या वायरीवर ती कायम यायची.

बाकी वायरींचं थोडक्यात. सेट टॉप बॉक्स ते टीव्ही दीड मीटर, कुठलीही धड एचडीएमआय चालते, बॉक्समधली आलेली पण. चार हजारांची वायर लावून चित्र सुधारत नाही, डिजिटल आहे, एकतर नीट येतं नाहीतर ठिपके पडतात, अडकतं. फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमवर बघायचं तर प्रीमियम हाय स्पीड, १८ जीबीपीएसवाली, नवा गेमिंग कन्सोल १२० वर चालवायचा तर अल्ट्रा हाय स्पीड, ४८ जीबीपीएसवाली, तिच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं ते बघा, नुसतं "२.१" छापलेल्यावर जाऊ नका. सोन्याचा मुलामा चित्रासाठी काही करत नाही, पण खाऱ्या हवेत पिनांवर तांब्याच्या भांड्यासारखा हिरवा थर चढतो तो सोन्यावर चढत नाही, म्हणून नदीकाठी, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तेवढं जरूर घ्यावं. ब्लूटूथने बार जोडता येतो, मी गाण्यांसाठी जोडतो, टीव्हीसाठी नाही, आवाज चित्रापेक्षा उशिरा येतो.

फोंड्याच्या आतेभावाचा बार अ‍ॅटमॉसवाला निघाला, त्याला मी एआरसीच लावायला सांगितली आणि दोन्ही प्लग एकाच स्विचबोर्डवर हाताला येतील असे ठेवायला सांगितले. त्याच्या सासूबाईंचा साधा बार आहे, त्यांना ऑप्टिकल. तुमचं घर तुम्हाला माहीत, पण साधा बार असेल, घरात म्हातारं माणूस असेल आणि पावसात लाईट जात असेल तर मी ऑप्टिकलच आधी लावून बघेन.

घ्यायला जाण्याआधी टीव्हीच्या पोर्टापासून बारपर्यंत सुतळी धरा, वायर झाकायच्या पट्टीतून जिथून ती जाणार तिथूनच, वळणावर गोल फिरवून, आणि वर वीतभर जास्त ठेवून कापा. तीच सुतळी खिशात घालून दुकानात जा, दीड मीटर पुरेल की दोन लागेल ते तिथल्या तिथे कळतं, आणि ताणून बसवलेली ऑप्टिकल लवकर जाते.