ट्रॅकवर मागची दोन चाकं की चारही?

शर्यतीच्या कोरड्या ट्रॅकवर मला विचाराल तर इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना देणारी गाडीच हवी. कारण टायरची पकड मर्यादित असते. पुढच्या टायरांना फक्त वळायचं आणि ब्रेक झेलायचं काम असलं की स्टीअरिंग हाताशी स्पष्ट बोलतं. वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर किंचित दाबा, मागची बाजू हलकेच बाहेर सरकते आणि नाक आत वळतं. म्हणजे उजव्या पायानेही गाडी वळवता येते! पण पाय जरा घाईत पडला, तर गाडी गर्रकन फिरते.

चारही चाकांना ताकद मिळाली की वळणातून बाहेर पडताना ही धाकधूक बरीच कमी होते. पूर्ण अॅक्सिलरेटर लवकर देता येतो. मात्र ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा जादा शाफ्ट आणि ती डाव्या-उजव्या चाकांत वाटणारं डिफरेन्शियल यांचं वजन येतं, शिवाय वेगाने आत शिरलात तर नाक बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. पोर्शे 911 टर्बो चारही चाकांवर चालते, पण ट्रॅकसाठी घडवलेली 911 जीटी3 मागच्या दोनच चाकांवर, ते उगाच नाही.

पाऊस आला की मात्र पारडं फिरतं. 1961 साली इंग्लंडमधल्या ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉसने चारही चाकांना ताकद देणारी फर्ग्युसन पी99 चालवून शर्यत जिंकून दाखवली होती. पुढे 1991 आणि 1992 मध्ये निसान स्कायलाइन जीटी-आरने ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची शर्यत मारली. तिची यंत्रणा एरवी मागची चाकं चालवायची आणि ती घसरू लागली की पुढच्यांना ताकद द्यायची.

शिकायचं असेल, तर मागच्या चाकांचीच घ्या.