ब्लॅक आणि पायटेस्ट: हुकमध्ये की सीआयमध्ये?

पायथनचा प्रोजेक्ट, पाच-सहा जणांची टीम, फॉरमॅटिंगला ब्लॅक आणि टेस्टला पायटेस्ट हे ठरलेलं. वाद उरतो तो सक्ती कुठे करायची याचा: प्रत्येकाच्या लॅपटॉपवर प्री-कमिट हुक (कमिट होण्याआधी आपोआप चालणारी तपासणी) लावून, की पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) सीआयमध्ये, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासणीत? इंदूरला विजयनगरातल्या आमच्या ऑफिसात दोन्ही वापरून झालंय.

हुक मोहात पाडतो हे खरं. चूक चव्हाट्यावर यायच्या आत आपल्यापुरती निस्तरते. एकटेच काम करत असाल, तर खुशाल हुक लावा, पुढचं वाचू नका.

टीममध्ये मात्र मला एकाच गोष्टीने पिडलं. कमिट केलं, की ब्लॅक फाइल बदलतो आणि हुक 'फेल्ड' म्हणून अडवतो. पुन्हा अ‍ॅड, पुन्हा कमिट. तेवढंही सोसलं असतं. पण एडिटर सेव्ह करताना स्वतःजवळचा ब्लॅक चालवतो आणि हुक कॉन्फिगमध्ये पिन केलेला, म्हणजे एका ठरावीक व्हर्जनचा. ब्लॅकची स्थिर शैली बदलते ती वर्षाच्या पहिल्या रिलीजमध्ये. दोन व्हर्जनांच्या मध्ये असा एखादा बदल आला, की एडिटर ओळ एका जागी तोडतो आणि हुक ती पुन्हा जोडतो. फाइल नुसती सेव्ह केली तरी डिफ (बदललेल्या ओळींची यादी) हजर. मग शेजारचा सांगतो, "अरे, नो-व्हेरिफाय मार नं!" हुक टाळायचा तो पर्याय एकदा बोटांत बसला की बसलाच. त्यात उद्या रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावर जायचे वेध लागलेले. त्या संध्याकाळी हुकला कोण विचारतो? शिवाय हुक क्लोनबरोबर येत नाही. नवीन मुलाने इन्स्टॉल केला का, हे त्यालाच विचारावं लागतं.

व्हर्जनचं भांडण सीआयमध्येही होतं, नाही असं नाही. पण तिथे ते सगळ्यांसमोर होतं, म्हणून मिटतं: ब्लॅकचं व्हर्जन डेव्ह रिक्वायरमेंट्समध्ये पिन करायचं आणि एडिटरला तेच एन्व्हायर्नमेंट दाखवायचं. ब्रँच प्रोटेक्शन असेल तर लाल खुणेवर मर्ज होत नाही, वाद संपला.

सीआयचा जाच म्हणजे वाट बघणं. सगळ्या टेस्ट संपल्यावर कळावं की एक स्वल्पविराम चुकला, तर चीड येणारच. त्यासाठी 'चेक' पर्यायाने ब्लॅक वेगळ्या जॉबमध्ये सगळ्यात आधी चालवा. तो फाइलला हात लावत नाही, नुसतं सांगतो, आणि पायटेस्ट सुरू व्हायच्या आत सांगतो. पायटेस्ट हुकमध्ये टाकायचा विचार असेल तर, माझं ऐकाल तर, राहू द्या.

तुमच्याकडे सगळेच शिस्तीचे असतील, तर हुकही चालून जाईल म्हणा. आमच्यात ज्यांना आवडतो ते अजून वापरतात, सक्ती नाही.

जुना प्रोजेक्ट असेल तर अख्खा कोड एकाच वेगळ्या कमिटमध्ये फॉरमॅट करा आणि त्याचा हॅश (कमिटची ओळखखूण) ब्लेममधून (कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणारी गिटची कमांड) वगळायच्या यादीत टाका, गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ती सोय आहे. नाहीतर प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव दिसेल.