क्वांटिकोचं मरीन कोअर म्युझियम: झेंड्यापाशी फोटो काढून परत फिरू नका

डीसीला फिरायला आलेली आपली मंडळी स्मिथसोनियन करतात, व्हाइट हाऊससमोर फोटो काढतात, वेळ उरला तर अर्लिंग्टनला जातात आणि ट्रिप संपली, पण आय-९५ने दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर (सकाळी लवकर निघालात तरच, नंतर त्या रस्त्याचा काही भरवसा नाही) क्वांटिकोच्या लष्करी तळाला लागून ट्रँगल नावाच्या गावात नॅशनल म्युझियम ऑफ द मरीन कोअर आहे आणि तिथे मला मराठी कुटुंबं जवळपास दिसतच नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तिकीट नाही, पार्किंगला पैसे नाहीत, नाताळचा दिवस सोडला तर रोज उघडं असतं. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण माझ्या बाबांनी गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न हाच विचारला. मरीन म्हणजे नौसैनिक नव्हेत. ते जहाजातून जातात पण लढतात जमिनीवर, किनाऱ्यावर उतरून. नेव्हीच्याच खात्यात येतात पण फौज वेगळी, युनिफॉर्म वेगळा, स्वतःची विमानं वेगळी. १० नोव्हेंबर १७७५ हा त्यांचा स्थापना दिवस आणि हे म्युझियमही १० नोव्हेंबरलाच उघडलं, २००६ साली. बिल्डिंग हायवेवरूनच दिसते, २१० फूट लांबीचा स्टीलचा तिरका खांब काचेच्या छपरातून आभाळात गेलेला. इवो जिमाच्या (जपानचं बेट, दुसऱ्या महायुद्धात मरीन्सनी तिथे अमेरिकेचा झेंडा लावला) त्या प्रसिद्ध फोटोत झेंड्याची काठी जशी तिरकी आहे ना, त्यावरून हा आकार घेतलाय.

आणि इथेच माझा मुद्दा येतो. आत शिरल्या शिरल्या जो तो विचारतो, झेंडा कुठाय? लोक सरळ तिकडे जातात, फोटो काढतात, वरच्या मजल्यावर जेवतात आणि निघतात. असं करू नका हो. तो झेंडा बघायच्या आधी पहिलं महायुद्ध बघा, मग तारावा (पॅसिफिक महासागरातली बेटं, तिथे मरीन जपान्यांशी लढले) बघा, मग इवो जिमाच्या किनाऱ्यावरून त्याच्यापर्यंत पोचा, मग तो फोटो वेगळाच दिसायला लागतो.

मधल्या मोठ्या हॉलला लेदरनेक गॅलरी म्हणतात. वर कॉर्सेअर आणि हॅरियर विमानं टांगलेली आहेत, आणि खाली तारावाचा देखावा आहे, ओंडक्यांच्या भिंतीवर चढणारं पाण्यात-जमिनीवर दोन्हीकडे चालणारं ट्रॅक्टरसारखं वाहन आणि त्याच्याभोवती मरीन्सचे पुतळे. बहुतेक लोक या देखाव्याच्या बाजूने बोलत बोलत निघून जातात, पण हे वाहन नीट बघून ठेवा, पुढे सगळी गोष्ट याच्यावरच येते.

पहिल्या महायुद्धाची गॅलरी लहान आहे पण माझ्या मते म्युझियममधली सगळ्यात चांगली बांधलेली. फ्रान्समधलं बेलो वूड, जून १९१८. जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने येत होत्या, फ्रेंच मागे हटत होते, तिथे अमेरिकेने मरीन्सची ब्रिगेड आणून उभी केली, पाचवी आणि सहावी रेजिमेंट. ६ जूनला ही पोरं गुडघ्याच्या वर वाढलेल्या गव्हाच्या शेतातून सरळ मशीनगनसमोर चालत गेली. त्या एका दिवसात १०८७ मरीन मेले किंवा जखमी झाले, म्हणजे कोअरच्या तोपर्यंतच्या इतिहासात कुठल्याच एका दिवसात एवढं नुकसान झालं नव्हतं. जंगल पूर्ण ताब्यात यायला २६ जून उजाडला. गॅलरीत तुम्ही झाडांमधून चालत असता आणि समोर पडद्यावर शेतातून माणसं येताना दिसतात, बाजूने मशीनगनचा आवाज. माझी आई तिथे मिनिटभर उभी राहिली आणि म्हणाली अरे यांना कुणी आडोसा का नाही दिला? तेच तर! १९१८च्या युद्धाचं सगळं दुखणं त्या प्रश्नात आलं. मागून तोफांचा पुरेसा मारा नाही, पुढचा नीट अंदाज नाही आणि आत जंगलात मशीनगन मांडून बसलेले जर्मन. फ्रेंचांनी नंतर त्या जंगलाला मरीन ब्रिगेडचंच नाव दिलं.

दुसऱ्या महायुद्धाची गॅलरी मोठी आहे, हिला निवांत वेळ द्या. १९३९ साली सगळी मरीन कोअर मिळून वीस हजारांच्याही आत होती आणि १९४५ पर्यंत पावणेपाच लाखांच्या घरात गेली, यावरून विचार करा की किती कोवळी, काल-परवापर्यंत शाळेत असलेली पोरं भरती झाली असतील. सुरुवात पॅसिफिकमधल्या वेक बेटापासून, डिसेंबर १९४१, जपानी चालून आले तेव्हा मूठभर मरीन्सनी पंधरवडाभर बेट लढवलं आणि शेवटी शरण जावं लागलं. मग ग्वाडालकॅनाल, पॅसिफिकमधलंच बेट, ७ ऑगस्ट १९४२. हे सगळं जपान्यांनी बांधायला घेतलेल्या एका विमानतळासाठी. मरीन्सनी तो घेतला, मिडवेच्या लढाईत मारल्या गेलेल्या वैमानिक मेजर लॉफ्टन हेंडरसनचं नाव त्याला दिलं, आणि दोन दिवसांत सावो बेटाजवळ नेव्हीला इतका मार बसला की जहाजं सामान पुरतं न उतरवताच निघून गेली. मागे राहिलेल्यांनी जपान्यांचा पकडलेला तांदूळ खाऊन दिवस काढले. त्यात मलेरिया. लढाई फेब्रुवारी १९४३ पर्यंत चालली.

आता तारावा. खरं सांगायचं तर मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो तो तारावासाठी. बेशियो नावाचं बेट, लांबी जेमतेम तीन-चार किलोमीटर, रुंदी तर कुठेही एक किलोमीटरसुद्धा नाही. त्याच्याभोवती प्रवाळाचा कठडा. २० नोव्हेंबर १९४३ ला मरीन उतरले तेव्हा भांगेची भरती होती, म्हणजे पाणी चढायचं तेवढं चढलंच नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, अष्टमीच्या आसपास खाडीत होडी घालताना कुठलाही कोळी आधी पाण्याचा अंदाज घेतो. आणि असं नाही की कुणी सांगितलं नव्हतं. त्या बेटांवर वर्षानुवर्षं राहिलेल्या फ्रँक हॉलंड या अधिकाऱ्याने आधीच बजावलं होतं की कठड्यावर पाणी पुरणार नाही. तरी प्लॅन पुढे गेला. पहिल्या तीन लाटा त्या ट्रॅक्टरसारख्या वाहनांतून आल्या, ती कठड्यावर चढून पलीकडे उतरली, पण अशी वाहनं होती सव्वाशे, आणि मागचे सगळे साध्या हिगिन्स बोटींतून, म्हणजे सैनिक उतरवायच्या बोटींतून. त्या बोटी कठड्यावर अडकल्या. मग पोरं बोटीतून उतरून कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यातून चार-पाचशे मीटर चालत किनाऱ्याकडे निघाली, रायफल डोक्यावर धरून, समोरून गोळ्या येत असताना. ७६ तासांत बेट पडलं. अमेरिकेचे एक हजाराच्या आसपास मेले. जपानी बाजूला साडेचार हजारांवर माणसं होती, त्यातले जिवंत हाती लागले १७ जपानी आणि १२९ कोरियन मजूर. त्या कोरियन मजुरांबद्दल जरूर वाचा कधीतरी, ते काय स्वतःच्या मर्जीने थोडेच तिथे आले होते.

तिथे एक स्वयंसेवक आजोबा उभे होते, निवृत्त मरीन. माझ्या मुलाने त्यांना विचारलं की पाणी कमी होतं तर थांबले का नाहीत, पुन्हा भरती यायची वाट का नाही बघितली. आजोबांनी त्याला उडवून नाही लावलं, खाली वाकून हाताने कठडा दाखवला, बोट दाखवली, जहाजं किती वेळ एका जागी उभी राहू शकतात, पाणबुड्यांची भीती कशी असते हे सगळं समजावलं आणि मग म्हणाले की तुझा प्रश्न बरोबर आहे, लोकांनी तेव्हाही हेच विचारलं होतं. ही माणसं या म्युझियमची खरी दौलत आहेत, भेटली तर थांबा, प्रश्न विचारा, ती मनापासून बोलतात.

तारावानंतर अमेरिकन शिकले, हे मान्य करायला हवं. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा नीट सर्व्हे, ती वाहनं जास्त आणि चिलखती, नेव्हीचा तोफमारा जास्त नेमका. पण समोरचाही शिकत होता. पेलेलियू बेट, सप्टेंबर १९४४, काही दिवसांत आटोपेल म्हणून गेले आणि दोन महिन्यांच्या वर लागले, कारण जपान्यांनी किनाऱ्यावर मरायचं सोडून गुहांमध्ये बसून लढायला सुरुवात केली. इवो जिमावर जनरल कुरिबायाशीने तेच मोठ्या प्रमाणावर केलं, मैलोगणती भुयारं खोदली.

कोड टॉकर्सच्या विभागात मी बराच वेळ होतो. नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची २९ तरुण मुलं १९४२ मध्ये निवडली, त्यांनी आपल्या भाषेवर कोड रचला, रणगाड्याला कासव, पाणबुडीला लोखंडी मासा, हातबॉम्बला बटाटे. पुढे ही संख्या चारशेच्या आसपास गेली. जपान्यांना तो शेवटपर्यंत फोडता आला नाही. ज्या सरकारी बोर्डिंग शाळांत हीच भाषा बोलली म्हणून मुलांना शिक्षा व्हायची त्याच सरकारने ती युद्धाला वापरली, आणि १९६८ पर्यंत सगळं गुप्त म्हणून या लोकांना घरी सांगताही आलं नाही. आणि माँटफर्ड पॉइंटचे मरीन, म्हणजे १९४२ पासून भरती झालेले काळे मरीन, गोऱ्यांपासून वेगळ्या कॅम्पात ट्रेनिंग, सुमारे वीस हजार जण त्या कॅम्पातून निघाले. देशासाठी मरायची परवानगी पण एका कॅम्पात राहायची नाही, हे वाचून मला फार राग आला, अजूनही येतो.

मग इवो जिमा. आधी छोटी ब्रीफिंग होते, तुम्ही उतरणाऱ्या मरीन्सच्या जागी, मग तुम्हाला लँडिंग बोटीत उभं करतात, भोवती किनारा जवळ येताना दिसतो, हादरे, आवाज. लहान मुलं घाबरू शकतात, पाच-सहा वर्षांच्या पोराला मी तरी इथे नेणार नाही. १९ फेब्रुवारी १९४५. किनारा काळ्या ज्वालामुखी राखेचा, पाय घोट्यापर्यंत आत जाणार, खंदक खणला तर कडा ढासळणार. कुरिबायाशीने किनारा माणसांनी भरेपर्यंत मोठा मारा रोखून धरला होता. पहिल्या दिवशी तीस हजारांच्या आसपास मरीन उतरले.

आणि आता झेंडा. तो वर गेला २३ फेब्रुवारीला. म्हणजे लढाईचा पाचवा दिवस! लढाई संपली २६ मार्चला. फोटो बघून आपल्याला वाटतं जिंकले, संपलं, पण त्यानंतर महिनाभर ती माणसं उत्तरेकडे एकेक गुहा घेत सरकत होती. फोटोतल्या सहापैकी तिघं, स्ट्रँक, ब्लॉक आणि सूसली, त्याच बेटावर मेले, झेंडा लावल्यानंतर. अमेरिकेचे एकूण ६८०० च्या आसपास गेले, एकवीसेक हजार जपान्यांतले लढाईत पकडले गेले ते फक्त २१६.

झेंडे दोन होते हेही तिथे नीट कळतं. पहिला लहान, सकाळी लावलेला, त्याचे फोटो लुई लॉवरीने काढले. तो खालून नीट दिसेना, तेव्हा एका जहाजावरून मोठा झेंडा आणून लावला आणि जो रोझेंथालने काढलेला फोटो या दुसऱ्याचा. दोन्ही झेंडे या म्युझियमच्या संग्रहात आहेत. फोटोतली माणसं कोण यावरही मरीन कोअरने अलीकडे स्वतःच दुरुस्त्या केल्या, २०१६ मध्ये जॉन ब्रॅडलीच्या जागी हॅरल्ड शुल्ट्झ आणि २०१९ मध्ये रेने गॅन्यॉनच्या जागी हॅरल्ड केलर. शुल्ट्झने हयातभर याचा गाजावाजा केला नाही. सत्तर वर्षांनी का होईना पण नाव बरोबर लावलं, याबद्दल मला या संस्थेचा मनापासून आदर वाटतो.

बाबा तिथे म्हणाले की आपल्या नामदेव जाधवांचंही हेच साल ना. बरोबर. इवो जिमा संपून दोन आठवडे झाले होते तेव्हा, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शिपायाने दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं, परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे मोडले आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. मुलाला हे नाव माहीत नव्हतं, गाडीत परतताना तिघांनी मिळून सगळं सांगितलं, आईला तर आमच्यापेक्षा जास्त माहीत निघालं.

हे म्युझियम मरीन्सचं आहे त्यामुळे गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलेली आहे, ते ठीकच आहे, पण ओकिनावाला १ एप्रिल ते २२ जून १९४५ या काळात साध्या गावकऱ्यांचं काय झालं, हजारो हजार नागरिक कसे मेले, हे घरी बसून आधी वाचून जा, म्हणजे समोरचं चित्र पुरं होतं.

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी पटकन. चार तास हाताशी ठेवा, जुन्या युद्धांत रस असेल तर पाच. व्हीलचेअरने सगळीकडे फिरता येतं, आईचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही मध्ये मध्ये बसत बसत गेलो तरी अडलं नाही. वर टन टॅव्हर्न आहे, कोअरची स्थापना जिथे झाली असं मानतात त्या फिलाडेल्फियातल्या खानावळीच्या धर्तीवर केलेलं, जेवण अमेरिकन पद्धतीचं, घरात कडक शाकाहारी कुणी असेल तर जेवूनच निघा. कोरियन युद्धाच्या गॅलरीत एक खोली मुद्दाम गार ठेवलेली असते, ज्येष्ठांसाठी शाल किंवा स्वेटर बरोबर असू द्या. अर्लिंग्टनचा झेंड्याचा मोठा पुतळा त्याच दिवशी करायची घाई नको, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करा, आणि तिथे गेलात की पोरांना सहाही नावं सांगा: स्ट्रँक, ब्लॉक, सूसली, हेज, शुल्ट्झ, केलर.